गाण्यात करकरलेलं कपाट

'थांब ना जरा, येतेच मी' या ओळीनंतर त्या गाण्यात जो 'कर्रर्र' असा आवाज येतो ना, तो माझा. मी कपाट बोलतोय. कपडे ठेवायचं, दोन दारांचं, घराघरात असतं तसलं कपाट. लोकांना वाटतं, तो आवाज कुठल्यातरी महागड्या यंत्रातून काढलाय. एक शहाणा तर छातीठोकपणे सांगत होता की तो बेडूक आहे. म्हणे बेडूक. ऐकून माझ्या फळ्या तापल्या, पण करतो काय, कपाटाला उलटून बोलायची सोय नाही. आज मात्र बोलतो.

माझा जन्म याच खोलीत झाला म्हणायला हरकत नाही. तसं सुतारानं मला दुकानातच बनवलं होतं, चांगलं ऐसपैस. हातगाडीवर घालून आणलं आणि उंबऱ्याशी आल्यावर कळलं की मी दारापेक्षा रुंद आहे. त्यानं भिंतीचं माप घेतलं होतं, दाराचं घ्यायचं राहून गेलं. बराच वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, "दार लहान ठेवलंय तुम्ही." नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी मला सुटं केलं, एकेक फळी आत नेली आणि खोलीतच पुन्हा जोडलं. त्या गडबडीत डाव्या दाराची वरची बिजागरी जराशी तिरकी बसली. तेव्हापासून ते दार उघडलं की मी करकरतो.

घर साधं. बाबा बस डेपोत मेकॅनिक, आई दवाखान्यात नर्स. माझ्यात एका बाजूला बाबांचे हिवाळी कोट, दुसऱ्या बाजूला आईच्या शाली, खाली रजया, आणि खणात 'लागेल कधीतरी' या एका कारणासाठी जपलेल्या असंख्य वस्तू. त्यातली एकही आजवर लागलेली नाही. पुढे घरात मुलगा आला, त्याला सगळे दादा म्हणतात. मग धाकटी आली. तिचं कागदावरचं नाव वेगळं आहे, पण पाहुण्यांची चाहूल लागली की ती अशी काही पसार व्हायची की बाबांनी तिचं नाव ठेवलं खारू.

आई घरभर हाका मारत फिरायची आणि ही माझ्यात, कोटांच्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आणि बसल्या बसल्या गायची. शाळेतलं, रेडिओवरचं, मनाचं काहीतरी. माणसाचं पोर आपल्या पोटात बसून गातंय, हे सुख किती कपाटांच्या वाट्याला येतं? मी तर त्या वेळी कोटसुद्धा हलू द्यायचो नाही.

एकदा शाळेच्या कार्यक्रमात तिला गायला उभं केलं. घरी केवढी धांदल. आईनं सुट्टी घेतली, बाबांनी बुटांना पॉलिश केलं. संध्याकाळी चौघं परत आली. खारू बुटांसकट माझ्यात शिरली आणि दार ओढून घेतलं. नंतर आई-दादाच्या बोलण्यातून मला कळलं, की समोर माणसं बघून तिची दातखीळ बसली. तोंड उघडं, आवाज नाही. मुलं हसली, बाईंनी हाताला धरून खाली आणलं. ती रडली नाही. थोड्या वेळानं तेच गाणं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, तिनं माझ्यात बसून हळूच म्हटलं. एक सूर इकडचा तिकडे नाही.

ते मी ऐकलं आणि बाबांनी ऐकलं. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले होते, माझ्याकडे पाठ करून, हातात पेपर. तिला वाटावं, बाबा वाचतायत. पेपर कालचा होता. तेव्हापासून ती जागा त्यांचीच झाली. खारू आत शिरली की बाबा बाहेर पाठ करून बसणार, आणि चुकूनही वळून बघणार नाहीत. घरात सगळ्यांना एकाच गोष्टीचा घोर होता आणि तीच कुणी बोलत नव्हतं. ही मुलगी कधी कुणासमोर गाईल का?

मोठी झाली तशी खारूला नोकरी लागली, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. चिडलेल्या माणसाशी ती इतकं गोड बोलायची की तो फोन ठेवताना हिलाच 'काळजी घ्या' म्हणायचा. फोनवर काय, कुणी बघत नव्हतं. घरी शेजारीण साखर मागायला आली तरी ही स्वयंपाकघरात. दादा दुकानांच्या जाहिराती करायचा. 'आजच या, उद्या हळहळाल' अशा. त्याच्याकडे एक माइक होता आणि एक लॅपटॉप, त्याचं एक बटण निखळलेलं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज नको म्हणून तो माइक माझ्या दांड्याला, कोटांच्या मध्ये टांगायचा आणि आत तोंड खुपसून ओरडायचा. कोटांना, रजयांना आवाज शोषायची सवय असते. मी म्हणजे फुकटचा स्टुडिओ.

गाण्याचं मूळ भांडणात आहे. ड्यूटीला निघायच्या वेळी आईला शाल हवी असायची आणि खारू आत बसलेली. आई दारावर टकटक करायची. "कपाट काय तुझ्या एकटीचं आहे?" आतून उत्तर, "थांब ना जरा, येतेच मी." रोजचं. एका रविवारी दादानं ते ऐकलं आणि तिथेच टेबलावर बोटं वाजवायला लागला. दुपारपर्यंत चाल झाली. शब्द दोघांनी मिळून लिहिले, एकमेकांची अक्कल काढत काढत:

थांब ना जरा, येतेच मी,
केस ओले, बूट कुठे?
थांब ना जरा, येतेच मी,
मन कधीचं गेलं पुढे.

दादाचं म्हणणं, हे काय गाणं आहे, ही तर आपल्या घरची सकाळ. खारू म्हणाली, "मग तेच गाऊ या."

रेकॉर्डिंगच्या दिवशी माझ्यात रजया कोंबल्या, माइक टांगला, खारू रजयांवर बसली. बाहेर दादा, कानाला हेडफोन. बाबांना खोकायची बंदी. आई दवाखान्यात होती, त्यामुळे तिला बंदी घालायची राहिली. गाणं रंगात आलं. खारू अशी गात होती की माझ्या खिळ्याखिळ्याला गुदगुल्या होत होत्या. तिनं म्हटलं, 'थांब ना जरा, येतेच मी', आणि त्याच क्षणी ड्यूटीवरून दमून आलेल्या आईनं डावं दार खसकन ओढलं. मी करकरलो. खारू फिदकन हसली आणि हसत हसतच पुढची ओळ गाऊन गेली. दादानं कपाळाला हात लावला.

"आई, अगं रेकॉर्डिंग चाललंय."

"चालू दे. मला टॉवेल हवाय."

मग त्यांनी सगळं पुन्हा केलं, स्वच्छ, बिनचूक. दादानं बिघडलेलं धरून तिन्ही रेकॉर्डिंगना नावं दिली 'शेवटचं', 'अगदी शेवटचं' आणि 'हेच शेवटचं'. ज्याच्या घरी तीन शेवट असतात त्याचा शेवट कधी नीट होत नाही. त्यानं नेटवर चढवलं ते नेमकं चुकीचं.

दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता खारूनं ते ऐकलं. "दादा, हे टॉवेलवालं आहे." दादा चहा टाकून धावला, पण तोवर गाणं हाताबाहेर गेलं होतं. लोकांना तो 'कर्रर्र' आणि त्यामागचं ते हसू फार आवडलं. आधी गल्लीत वाजलं, मग रिक्षांत, सलूनमध्ये, डेंटिस्टकडेसुद्धा. मग लोकांनी नवाच खेळ काढला. आपापल्या कपाटांत लपायचं, 'येतेच मी' झालं की दार उघडून बाहेर उडी मारायची आणि त्याचा व्हिडिओ करायचा. आजोबा उड्या मारत होते, नवरा-बायको मारत होते. किती कपाटांच्या बिजागऱ्या निखळल्या असतील कोण जाणे. त्या सगळ्यांची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. खोटं कशाला बोलू, मी फुगलोही होतो. दारं मुळातच जड लागायची, त्या आठवड्यात आणखी लागायला लागली.

आणि मग बाबांनी घात केला, तोही प्रेमापोटी. त्यांना त्या आवाजाची लाज वाटत होती. आयुष्यभर डेपोत कुठली बस कुठे कुरकुरते हे शोधलेला माणूस, आणि त्याच्याच घरचं कपाट करकरतं हे अख्ख्या जगाला कळलेलं. घरात कुणी नाही बघून त्यांनी लांब नळीची तेलाची डबी आणली, बिजागरी खोलली, सरळ केली, तेल सोडलं आणि दार उघडून-लावून खात्री केली. लोण्यासारखं फिरायला लागलं. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशानं? आवाज तर तेच घेऊन गेले.

त्यानंतर गाणी काढणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला. गुळगुळीत बोलणारा, बूट बाहेर न काढता आत येणारा. त्याला गाण्याची लांब आवृत्ती करायची होती आणि तो करकर नव्यानं, जवळून रेकॉर्ड करायचा होता. दादानं ऐटीत माझं दार उघडलं. काहीच नाही. लावलं, पुन्हा उघडलं. सगळे बाबांकडे बघायला लागले.

"आता छान वाटतंय ना?" बाबा म्हणाले.

आईला हसू आवरेना. ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिथून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. जुन्याच गाण्यातला आवाज उचलून काम भागवायचं ठरलं. तिथवर ठीक होतं. पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

कंपनीच्या माणसाला मोठा कार्यक्रम करायचा होता. स्टेज, दिवे, गर्दी. खारूनं स्टेजवर यायचं आणि गायचं. खारूचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मान हलवली, नाही. त्यानं समजावलं, गोंजारलं, घड्याळ बघितलं आणि मग म्हणाला, "हरकत नाही. आमच्याकडे एक मुलगी आहे. दिसायला चांगली, स्टेजची सवय आहे. ती उभी राहून ओठ हलवेल, आवाज तुझा वाजवू. पोस्टरवर, व्हिडिओत तीच. लोकांना एक चेहरा लागतो गं. यापुढची गाणीही तशीच करू, तुला कुणासमोर यायलाच नको."

"चालेल," खारू म्हणाली. आणि हे म्हणताना तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. तेच मला जास्त लागलं.

तो गेल्यावर दादा भडकला. "आवाज तुझा आणि तोंड दुसरीचं? तू काय भाड्यानं दिलायस का गळा?"

"मला नाही जमत, दादा. तुला माहितीये ना."

"एकदा प्रयत्न तरी कर."

"केला होता. शाळेत. तू पण होतास तिथे."

आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाबा रात्रीचं जेवण झाल्यावर ताट उचलताना एवढंच म्हणाले, "तुला सुख वाटेल ते कर. फक्त उद्या कुणी म्हणालं की ती बघा गाणारी मुलगी, तर मी कुणाकडे बघू तेवढं सांगून ठेव." खारू माझ्यात येऊन बसली. त्या दिवशी ती गायली नाही.

पुढच्या रविवारी ती ओठ हलवणारी मुलगी घरी आली, गाणं शिकायला. मी तिच्यावर डूख धरून होतो. म्हटलं, ही आली चोरावर मोर. पण पोरगी साधी निघाली. उंच होती, दारातून येताना सवयीनं मान वाकवायची. आईनं तिला लगेच 'उंची' करून टाकलं. बूट बाहेर काढून आली, बाबांना नमस्कार म्हणाली आणि खारूला म्हणाली, "नुसत्या शब्दांवर ओठ हलवले की लोकांना कळतं. तू श्वास कुठे घेतेस, कुठे थांबतेस, ते मला बघायला लागेल. गाऊन दाखवशील?"

खारू म्हणाली, "मी कपाटात गाते."

"बरं. मग मी पण येते."

आणि ती खरंच आली. तिचे ते लांबलचक पाय आत मावेनात. एक रजई बाहेर काढली, दोन कोट दादाच्या अंगावर टाकले, तेव्हा कुठे दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. दार लावलं. उंचीनं मोबाइलचा दिवा लावून शालीखाली ठेवला, डोळ्यांवर येऊ नये म्हणून. बाहेर बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझ्याकडे पाठ, नेहमीसारखी.

उंचीनं घाई केली नाही. ती आपली मोज्याचा सुटलेला धागा गुंडाळत होती. मग खारूनं सुरुवात केली, अगदी पुटपुटल्यासारखी. दुसऱ्या ओळीला आवाज मोकळा झाला. कुणाच्यातरी समोर खारू गात होती. मी श्वास रोखून धरला. माझ्यात श्वास म्हणून जी काही हवा असते ती.

"थांब," मध्येच उंची म्हणाली. "हे मला कसं जमणार?"

"काय?"

"'बूट कुठे'च्या आधी तू हसतेस. आणि 'मन कधीचं गेलं पुढे' म्हणताना भुवया अशा वर जातात, एखाद्याची चोरी पकडल्यासारख्या."

"मी हसते?"

"आत्ता हसलीस. तुला कुणी सांगितलं नाही कधी?"

खारू म्हणाली, "कुणी बघितलंच नाहीये."

उंचीनं तिच्याकडे नीट बघितलं. "आईबाबांनीसुद्धा?"

खारूनं मान हलवली. मग उंची जे बोलली ते मी शब्द न् शब्द लक्षात ठेवलंय. "हे बघ, मला कामाची गरज आहे, उगाच मोठेपणा सांगत नाही. मी ओठ हलवीन, लोक टाळ्यापण वाजवतील. पण हे जे तुझ्या तोंडावर येतं ना, ते मला नाही येणार. आणि तुझ्या घरच्यांनी ते बघायच्या आधी मी त्याची नक्कल करत सगळीकडे फिरायचं, हे मला बरं नाही वाटत. आधी त्यांना दाखव. बाहेर तिघंच आहेत. नाही जमलं तर मी आहेच."

मग खारूनं दार ढकललं आणि ती बाहेर गेली. नुसती गेली, आवाज न करता. बाबांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"बाबा, इकडे तोंड करा ना."

बाबांनी पेपरची घडी घातली. फार सावकाश घातली. मग खुर्ची वळवली. आई ओले हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. दादा अंगावरच्या कोटांसकट तसाच बसलेला.

खारूनं तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती गर्रकन वळली आणि सरळ माझ्याकडे आली, आत शिरायला, लहानपणी शाळेतून आल्यावर शिरली होती तशी. तिचा हात माझ्या मुठीला लागणार, एवढ्यात उंचीनं आतून दार ओढून घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं.

"जागा नाहीये," ती आतून म्हणाली. "मी बसलेय."

खारूनं दार ओढलं. उंची सोडेना. मीही सोडलं नाही. माझ्या हातात काय असतं म्हणा, पण ती नवी, सरळ केलेली बिजागरी मी जेवढी आवळता येईल तेवढी आवळली. मग खारूला हसू आलं. आधी नाकातून, मग खळखळून. आणि त्या हसण्यातच ती वळली आणि गायला लागली.

इतकी वर्षं मी तिचं गाणं पोटात घेतलं होतं. कोटांनी शोषलेलं, रजयांनी दाबलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते बाहेरून ऐकलं. ते भिंतींवर आपटून येत होतं, खिडकीतून रस्त्यावर जात होतं. केवढं मोठं होतं ते. मला वाटायचं मी तिला सांभाळतोय. ते गाणं माझ्यात कधी मावतच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण अभिमान जास्त वाटला.

गाणं संपलं. आईनं पदराला तोंड पुसलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते तिच्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "गाताना तू अशी दिसतेस होय?"

कार्यक्रम झाला. खारू स्वतः गेली, उंची तिच्या शेजारी उभी राहून साथीला गायली. आता दोघी मिळूनच गावोगाव जातात. कंपनीच्या माणसाला मी पण स्टेजवर हवा होतो, पण माझं माप तुम्हाला ठाऊकच आहे. मी इथेच. माझ्यात आता कोट आहेत, शाली आहेत आणि मधोमध बरीच मोकळी जागा. घरी आली की खारू स्वयंपाकघरात चहा ठेवता ठेवता मोठ्यानं गाते, पाहुणे बसलेले असले तरी. माझ्याकडे येते ती फक्त टॉवेल घ्यायला.

तुमच्या घरी एखादं पोर कपाटात, पलंगाखाली, गच्चीच्या जिन्यात बसून गात असेल तर त्याला ओढून बाहेर काढू नका. बाहेर खुर्ची टाकून बसा. कालचा पेपर असला तरी चालेल. आणि ते बाहेर येऊन 'इकडे तोंड करा' म्हणालं, की मात्र वळा. बाबा वळले तेव्हा त्यांचे डोळे आधीच भरलेले होते. खारूची नजर खाली होती आणि ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही. मी समोरच उभा होतो, म्हणून मला दिसलं.